क्लिंगॉनांच्या कपाळाचा प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या एका भागात अचाट शक्ती मिळालेला एक जुना मित्र अंतराळजहाजाच्या कॅप्टन कर्कच्या जिवावर उठतो आणि त्याच्यासाठी थडगंही तयार ठेवतो. दगडावर नाव कोरलेलं दिसतं : जेम्स आर. कर्क. हा भाग अमेरिकेत सप्टेंबर १९६६मध्ये दाखवला गेला. पुढे नाव झालं जेम्स टी. कर्क आणि तेच कायम राहिलं. पडद्यावर ते ‘आर’ दिसतं क्षणभरच, पण त्याचा खुलासा शोधणं चाहत्यांनी आजतागायत सोडलेलं नाही.

अशी खुसपटं काढणाऱ्यांकडे ‘यांना दुसरे उद्योग नाहीत’ अशा नजरेनं बघितलं जातं. मला हा अन्याय वाटतो. एकतर ही सवय टीव्हीपेक्षा जुनी आहे. डॉ. वॉटसनला लागलेली गोळी एका कथेत खांद्यात आणि दुसरीत पायात कशी, यावर शेरलॉक होम्सचे वाचक शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आले आहेत. १९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकनं अमेरिकेत विज्ञानकथांचं मासिक काढलं, तेव्हा वाचक पत्रं लिहून कथांमधलं विज्ञान तपासू लागले. पत्रांखाली पत्ते छापले जात, त्यामुळे हे वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. विज्ञानकथेच्या चाहत्यांचा संघटित समाज बराचसा या पत्रव्यवहारातून उभा राहिला.

दुसरं म्हणजे, ‘स्टार ट्रेक’नं स्वतःच ही अपेक्षा निर्माण केली होती. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना भविष्यकाळ पटण्याजोगा दाखवायचा होता. पटकथा तपासायला केलम डी फॉरेस्ट यांच्या संशोधन कार्यालयाकडे जात, आणि तिथून विज्ञानाच्या चुका, खटकणारी नावं, आधीच्या भागांशी न जुळणारे तपशील यांवर टिपणं येत. सगळ्याच सूचना मानल्या जात नसत, कारण वेळ आणि पैसा दोन्ही तोकडे. पण निर्माते स्वतः इतकी काळजी घेत असतील, तर प्रेक्षकानंही बारकाईनं पाहावं यात गैर काय?

तरीही १९६६मध्ये भाग एकदा दाखवला की हातातून गेला. घरी रेकॉर्ड करायची सोय नव्हती. ७९ भागांनंतर १९६९मध्ये मालिका बंद पडली आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. स्थानिक वाहिन्यांनी तेच भाग पुन्हापुन्हा दाखवायला घेतले. कितीएक चाहत्यांना संवाद पाठ झाले. चाहत्यांनीच पात्रं, ग्रह, यानं, शस्त्रं यांच्या नोंदींचा कोश तयार केला. मग घरोघर व्हीसीआर आले आणि चित्र हवं तिथे थांबवता येऊ लागलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची ती रविवारी सकाळी. चुकली की चुकली.

१९८७मध्ये आलेली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची ‘स्टार ट्रेक’ मालिका या तयार नजरांसमोर उतरली. त्यातल्या डेटा या यंत्रमानवाचं उदाहरण घ्या. त्याचा हुबेहूब जुळा ‘लोअर’ जेव्हा येतो, त्या भागात दोघांना ओळखायची खूण सांगितली जाते : डेटा इंग्रजीतली ‘आय ॲम’ची ‘आयम’ अशी जोडरूपं वापरत नाही. भागाच्या शेवटी लोअरचा बंदोबस्त होतो, डेटाला ‘बरा आहेस ना?’ असं विचारतात आणि तो उत्तर देतो, ‘आयम फाइन’. मग जहाजावर उरला तो कोण? या दोन शब्दांवरून चाहत्यांनी अख्खे सिद्धांत रचले. मला यात कथेवरचा गाढ विश्वास दिसतो. पात्र खरं मानलं, तरच त्याचा शब्द इतका खटकतो.

१९९३मध्ये फिल फॅरंड यांनी या मालिकेतल्या चुकांचं भागवार पुस्तकच काढलं आणि ते खपलं. एव्हाना निर्मात्यांच्या बाजूलाही चाहत्यांची भाषा बोलणारे लोक होते. मायकेल ओकुडा आणि रिक स्टर्नबाख यांनी जहाजाच्या तंत्राची पुस्तिका लिहिली. माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्राला हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा सिद्धांत (कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत) आड येतो, अशी हरकत होती. त्यासाठी ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा भाग कल्पिला गेला. तो चालतो कसा, या प्रश्नाला ओकुडांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे : ‘उत्तम चालतो, धन्यवाद.’

क्लिंगॉनांच्या कपाळाचा प्रश्न मात्र सगळ्यात लांबला. क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधली परग्रहावरची एक लढवय्यी जमात. साठच्या दशकातले क्लिंगॉन दिसायला साधी माणसंच, कारण रंगभूषेला पैसे नव्हते. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर उंचवटे आले आणि मग ते तसेच राहिले. १९९६मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या नंतरच्या मालिकेतले लोक एका भागात जुन्या काळात जातात, तिथे जुने क्लिंगॉन दिसतात, आणि सगळे आपल्यातल्या वोर्फ या उंचवट्यांच्या क्लिंगॉनकडे बघायला लागतात. तो इतकंच म्हणतो, की आम्ही यावर बाहेरच्यांशी बोलत नाही. शेवटी २००५मध्ये ‘एंटरप्राइझ’ या आणखी एका मालिकेच्या दोन भागांत उत्तर मिळालं : माणसांच्या जनुकांवर केलेल्या प्रयोगातून पसरलेल्या रोगानं काही क्लिंगॉनांचे उंचवटे गेले. पैशांअभावी राहिलेली उणीव त्या जगाचा इतिहास बनली. खुसपटांनी लेखकांना दिलेली ही सर्वांत मोठी देणगी, असं माझं मत आहे.

सगळ्या गाठी अशा सुटत नाहीत. १९८२च्या चित्रपटात खान हा खलनायक कर्कचा सहकारी चेकॉव्ह याला ओळखतो, पण खानचा मूळ भाग चित्रित झाला तेव्हा चेकॉव्ह मालिकेत आलेलाच नव्हता. त्याच मूळ भागात खानची आशियापासून मध्यपूर्वेपर्यंतची सत्ता १९९२ ते १९९६मध्ये दाखवली होती. ती वर्षं आली आणि गेली. २०२३मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या मालिकेनं त्यावर तोडगा काढला, की काळात मागे जाणाऱ्यांच्या ढवळाढवळीमुळे त्या घटनाच पुढे ढकलल्या गेल्या, आणि खान आजच्या टोरांटोत लहान मुलगा म्हणून दिसला. हा बदल धरला तर जुन्या भागांतल्या कुठल्या तारखा आता मानायच्या, यावर चाहत्यांची नवी चर्चा सुरू झाली आहे.