कामकाजातून शब्द वगळणे

सभागृहातील चर्चेत उच्चारलेले आक्षेपार्ह शब्द पीठासीन अधिकाऱ्याच्या आदेशाने अधिकृत वृत्तांतातून काढून टाकण्याची संसदीय प्रथा. लोकसभेत हा अधिकार नियम ३८० नुसार अध्यक्षांकडे असतो. शब्द बदनामीकारक, अश्लील, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे आहेत असे त्यांचे मत झाले, की ते वगळण्याचा आदेश त्यांना देता येतो. राज्यसभेत सभापतींना आणि राज्यांच्या विधिमंडळांत तेथील पीठासीन अधिकाऱ्यांना असाच अधिकार आहे.

या अधिकाराची गरज घटनेतूनच निर्माण होते. सभागृहातल्या भाषणाबद्दल खासदारावर न्यायालयात कारवाई करता येत नाही (अनुच्छेद १०५). आमदारांना हेच संरक्षण अनुच्छेद १९४ ने मिळते. ज्याच्यावर चिखलफेक झाली तो पुष्कळदा तिथे उत्तर द्यायला हजर नसतो आणि त्याला अब्रुनुकसानीचा दावाही लावता येत नाही. अध्यक्षांनी लक्ष घातले नाही, तर त्याला वाली उरत नाही.

प्रथेचे खरे मोल नियम ३८१ मध्ये आहे. वगळलेल्या शब्दांच्या जागी ताराचिन्हे छापतात आणि अध्यक्षांच्या आदेशाने मजकूर वगळल्याची तळटीप देतात. पुढचे-मागचे वाक्य सांधून, काही घडलेच नाही असे भासवणारा वृत्तांत छापता येत नाही. कोणाच्या भाषणाला, नेमकी कुठे कात्री लागली, हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही दिसते. मात्र आदेशाचे कारण नोंदवण्याचे बंधन नियमात नाही आणि ही मोठी उणीव आहे. ताराचिन्हांमागे शिवी होती की सत्ताधाऱ्यांना झोंबलेली टीका, हे वृत्तांतावरून कळत नाही.

वगळलेला मजकूर वृत्तपत्राने छापला तर काय, हा प्रश्न बिहारमध्ये उभा राहिला. मे १९५७ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी वगळलेले भाषण पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने छापले आणि संपादकांवर हक्कभंगाची कारवाई सुरू झाली. वगळलेले शब्द कायद्याच्या दृष्टीने न बोललेल्यासारखेच, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५८ च्या बहुमताच्या निकालात घेतली. न्या. सुब्बा राव यांनी वृत्तपत्राच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने वेगळे मत नोंदवले. आज वाचताना तेच अधिक पटते. थेट प्रक्षेपणाच्या काळात तर आदेश निघेपर्यंत शब्द देशभर ऐकले गेलेले असतात.

असंसदीय ठरलेल्या शब्दांचे संकलन लोकसभा सचिवालय प्रसिद्ध करते. जुलै २०२२ मध्ये नव्या संकलनावरून वाद झाला, तेव्हा कोणत्याही शब्दावर बंदी नाही, असा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केला. यादी पूर्वीच्या आदेशांची असते. प्रत्येक वेळी निर्णय संदर्भ पाहूनच व्हायचा असतो.

अध्यक्षांना जाब कोण विचारणार? केवळ कार्यपद्धतीत चूक झाली म्हणून कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही (अनुच्छेद १२२, राज्यांसाठी २१२). जाब विचारायचा तो सभागृहानेच. चौदा दिवसांची नोटीस देऊन, तेव्हाच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने अध्यक्षांना पदावरून दूर करता येते आणि त्या ठरावावर चर्चा चालू असताना त्यांना स्वतः पीठासीन होता येत नाही. असा पहिला ठराव १८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्याविरुद्ध आला. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असा विरोधकांचा आक्षेप होता. ठराव फेटाळला गेला, पण अध्यक्षांच्या वर्तनावर त्यांच्याच सभागृहात उघड चर्चा होऊ शकते, हे प्रत्यक्षात दिसले.

शब्दापुढची पायरी म्हणजे सदस्यालाच बाहेर काढणे. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने ठराव करून भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निलंबन चालू अधिवेशनाच्या उरलेल्या काळापलीकडे नेता येत नाही, असे सांगून ठराव त्या मर्यादेपलीकडे घटनाबाह्य ठरवला. सदस्याची हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक घेऊन जागा भरता येते. वर्षभराच्या निलंबनात मात्र मतदारसंघाला सभागृहात प्रतिनिधीच उरत नाही, म्हणून अशी शिक्षा हकालपट्टीहूनही वाईट, असे न्यायालयाने म्हटले.