चुंबक चिकटलं म्हणून सुरी खोटी ठरत नाही

"चुंबक चिकटलं तर ते स्टेनलेस स्टील नव्हे," हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणी हाती घडवलेली बोटाएवढी सुरी दाखवली, तरी हीच शंका निघते. ती स्वाभाविक आहे, कारण घरातल्या स्टीलच्या डब्याला चुंबक सहसा चिकटत नाही.

पण डब्याचं स्टील वेगळं. त्यात बहुधा १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची आतली रचनाच अशी होते, की चुंबक धरत नाही. मात्र ते तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं तरी कडक होत नाही, म्हणून धार टिकत नाही. सुरीच्या स्टेनलेसमध्ये निकेल जवळपास नसतं आणि कार्बन जास्त असतो. पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलं, की ते कडक होतं, आणि चुंबकही त्याला चिकटतं. चांगल्या पात्याकडून तीच अपेक्षा असते.

साधं, म्हणजे गंजू शकणारं, कार्बन स्टील घडवणाऱ्याला तर चुंबक कामालाच येतं. सुमारे ७७० अंश सेल्सियसला तापलं की लोखंड चुंबकाला दाद देत नाही. त्याहून थोडं वर नेऊन पातं तेलात बुडवायचं. इवलं पातं भट्टीबाहेर क्षणात निवतं, त्यामुळे इथे हात फार सफाईचा लागतो. हे कसब खरंच मोलाचं आहे.

पातं गंजणारं आहे का, हे पाहायचं तर मुठीजवळ लिंबाचा थेंब अर्धा तास ठेवा. कार्बन स्टील काळवंडतं, स्टेनलेस सहसा तसंच राहतं. मग धुऊन, पुसून ठेवा. काळा डाग पडला तरी सुरी वाईट नव्हे; तिला धार सुरेख लागते, फक्त कोरडी ठेवून तेलाचा हात फिरवावा लागतो.