दोन टक्क्यांचा नियम आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी

हाताने काम करत शिकायचे, ही मांडणी १९३७ मध्ये वर्ध्यात झाली, पण ती शाळांपुरती. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला व्यवस्थापनाच्या संस्था निघाल्या त्या अमेरिकी विद्यापीठांचा हात धरून. १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले आणि गावात मुक्काम हा अभ्यासक्रमाचाच भाग ठरला.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे आजचे चित्र घडवले ते मात्र कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करायची. अंमल १ एप्रिल २०१४ पासून. वाद टक्केवारीवर खूप झाला. शिक्षणाच्या दृष्टीने कळीची तरतूद नियमांत होती: नेहमीच्या व्यवसायातले काम सीएसआर धरले जाणार नाही. त्यामागचे कारण रास्त होते. नाहीतर स्वतःचे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्चही समाजकार्य म्हणून दाखवला गेला असता. पण त्यामुळे कंपनीची जबाबदारी कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होते, असा समज पक्का झाला. एमबीएच्या मुलांचे प्रकल्पही त्याच वाटेने गेले. शाळेला बेंच, वृक्षारोपण, शौचालयांचे सर्वेक्षण. ही कामे गरजेचीच आहेत. पण तारापूर किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, बंद ठेवला तर किती वाचते आणि नाल्यापलीकडच्या विहिरींचे काय होते, हा हिशेब ज्याने कधी मांडलाच नाही, त्याच्यात व्यवसायाची समज कुठून येणार?

जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने मोठ्या प्रकल्पांना परिणाम मूल्यमापन लागू केले. सीएसआर मात्र फाटकाबाहेरच राहिला. त्याच वर्षी सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात पाणी, वीज, उत्सर्जन आणि कचरा यांचे आकडे उलाढालीच्या प्रमाणात द्यावे लागतात. ते मिळतात बॉयलर हाऊसमध्ये, स्टोअरमध्ये, वजनकाट्यावर.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे चार श्रेयांक मिळतात. महाविद्यालयांनी मुलांना सीएसआर कक्षाऐवजी ईटीपीच्या ऑपरेटरबरोबर पाळीत उभे करावे. त्यासाठी कुठलाही नियम बदलावा लागत नाही.