‘झाडांखालचे गुलाब’ : क्लिम्टच्या एका चित्राच्या मालकीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्टचं हे निसर्गचित्र साधारण 1905 सालचं. 110 सेंटीमीटरचा चौरस कॅनव्हास बहुतेक सगळा पानांच्या दाट ठिपक्यांनी भरलेला. आकाशाच्या वाट्याला वर जेमतेम एक कोपरा आलाय. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयासाठी फ्रान्सने 1980 मध्ये ते झुरिकच्या एका गॅलरीकडून रीतसर विकत घेतलं.

त्याआधीचे कागद चाळले की आपण व्हिएन्नात पोचतो. 1911 मध्ये उद्योगपती विक्टर त्सुकरकांडल यांनी चित्र घेतलं. 1927 मध्ये ते आणि त्यांची पत्नी दोघंही वारले आणि चित्र पुतणी नोरा श्टिआस्नी हिच्याकडे आलं.

मार्च 1938 मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. एप्रिलपासून 5,000 राइशमार्कच्या (तेव्हाचं जर्मन चलन) वर मालमत्ता असलेल्या ज्यूंना तिची नोंद करणं सक्तीचं झालं, वर खास ज्यूंवर लादलेले कर. नोरा ज्यू होती. त्या ऑगस्टमध्ये तिने चित्र विकलं, तेही कवडीमोलाने. घेणारा फिलिप हॉयस्लर ओळखीतलाच होता आणि नाझी पक्षाचा सदस्य होता. 1942 मध्ये नोराला व्यापलेल्या पोलंडमध्ये पाठवून मारण्यात आलं. नवरा आणि मुलगाही वाचले नाहीत. हॉयस्लर 1966 मध्ये मरेपर्यंत चित्र त्याच्याकडेच होतं.

कागदोपत्री ही ‘विक्री’च. पण पैसे हाती पडले म्हणून ती राजीखुशीची ठरत नाही, आणि मालकीचा शोध घेताना नेमकं इथेच थांबून विचारावं लागतं: विकणाऱ्याला नाही म्हणायची सोय होती का? नोराला नव्हती.

न्याय मिळायला उशीर झाला त्याला आणखी एक कारण होतं. नोराच्या चित्राचा उल्लेख जुन्या कागदांत ‘सफरचंदाचं झाड’ असा होता. त्यामुळे ऑस्ट्रियाने 2001 मध्ये व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर संग्रहालयातलं ‘सफरचंदाचं झाड 2’ तिच्या वारसांना दिलं. नोराचं खरं चित्र पॅरिसमध्ये आहे, हे पुढच्या संशोधनातून कळलं. तोवर भलतंच चित्र देऊन झालं होतं.

मार्च 2021 मध्ये फ्रान्सने चित्र परत करण्याचं जाहीर केलं. तिथल्या सार्वजनिक संग्रहातली वस्तू कायद्याने बाहेर देता येत नाही, म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये खास कायदा करावा लागला. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात क्लिम्टचं हे एकच चित्र होतं, तरी ते वारसांना देण्यात आलं.