नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पुन्हा देताना: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

गेल्या वर्षी मेडिकलची सीट हुकली आणि आता पुन्हा बसायचं आहे, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: मागच्या वर्षीचे गुण किंवा नोंदणी यंदा चालत नाही. नीटचे गुण फक्त त्याच वर्षीच्या प्रवेशाला धरतात. नीट घेणाऱ्या एनटीएचा अर्ज नवा, कर्नाटकातले प्रवेश करणाऱ्या बेंगळूरच्या केईएची नोंदणी नवी, ऑल इंडिया कोट्याचे आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश करणाऱ्या दिल्लीच्या एमसीसीची नोंदणीही नवी. जुन्या लॉगिनवर विसंबून तारीख घालवू नका. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही, कमाल वयाची अटही 2022 मध्ये काढली गेली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत, एवढंच.

पण मागचं वर्ष तुम्ही कसं सोडलंत ते तपासा. एमसीसीच्या शेवटच्या, उरलेल्या जागांसाठीच्या स्ट्रे फेरीत सीट मिळूनही हजर झाला नसाल, तर डिपॉझिट तर जातंच, शिवाय पुढचं एक वर्ष नीटला बसता येत नाही. ‘बघू, नाही आवडलं तर सोडू’ म्हणत स्ट्रे फेरीत पर्याय भरणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. यंदाही त्या फेरीत फक्त खरोखर जायची तयारी असलेलीच कॉलेजं भरा.

बारावीचे गुणही पाहा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून जनरलला 50 टक्के, राखीव गटांना 40 टक्के लागतात. नीटला गुण भरपूर आणि इथे 48 टक्के, अशी मुलं प्रवेशाच्या टेबलावरून परत येतात. कर्नाटक बोर्डाने 2024 पासून सेकंड पीयूसीच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, वर्षात एकाहून जास्त परीक्षा ठेवल्या आहेत आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. तेव्हा कमी पडत असतील तर नीटच्या अभ्यासाबरोबरच हे दुरुस्त करून घ्या.

नीटचा अर्ज भरताना पात्रता परीक्षेच्या रकान्यात कोड 1 निवडू नका. तो यंदा बारावीला बसलेल्यांसाठी आहे, तुम्ही उत्तीर्ण आहात. 2025 ला फी जनरलला 1700 रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1600, एससी-एसटी आणि दिव्यांगांना 1000 होती.

प्रश्नपत्रिकेच्या भाषेचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. मराठी निवडली की बेळगावचं केंद्र मिळणार नाही, कोल्हापूरसारखं शहर घ्यावं लागेल. खानापूर किंवा निपाणीच्या मुलाने हे लांबचं केंद्र आणि आदल्या दिवशीचा प्रवास धरूनच ठरवावं. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम मानतात, हेही ध्यानात असू द्या.

नावाची तर हमखास अडचण. मराठीत आपण ज्ञानेश्वर म्हणतो आणि इंग्रजीत ‘डी’ने लिहितो. कन्नडवरून इंग्रजी करणारा तेच नाव ‘जे’ने लिहितो. दहावीच्या गुणपत्रकावर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. दहावीचं नाव प्रमाण माना आणि अर्जाच्या आधी आधार त्याला जुळवून घ्या.

आता केईए. नीट देणाऱ्यालाही यूजीसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीचा, अर्ज भरावाच लागतो, सीईटीचा पेपर दिला नाही तरी चालतो. हा अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि रिपीटर मुलं कोचिंगच्या नादात नेमकी इथेच चुकतात. निकालानंतर नीटचा रोल नंबर तिथे जोडायचा.

कर्नाटकच्या कोट्याची मुख्य अट: पहिली ते बारावीत किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असावी. सीमाभागात शाळा दोन्हीकडे होतात, म्हणून बोटांवर मोजा. पहिली ते दहावी बेळगावात आणि अकरावी-बारावी लातूरला: दहा वर्षं आणि दहावी इथली, पात्र. पहिली ते पाचवी निपाणीत, सहावी ते दहावी कोल्हापुरात, पीयूसी पुन्हा निपाणीत: पाच अधिक दोन, सात वर्षं आणि बारावी इथली, पात्र. याच मुलाची पाचवीही कोल्हापुरात झाली असती तर हे कलम लागू झालं नसतं. पुरावा म्हणून मुख्याध्यापकांचा स्टडी दाखला बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीसकट घ्या. शाळा दोन-तीन असतील तर प्रत्येकीचा वेगळा. कोचिंगचं वर्ष यात मोजत नाहीत, आणि त्याने अडतही नाही.

ग्रामीण कोट्याला पहिली ते दहावी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत हवीत. येळ्ळूरला राहून हायस्कूल बेळगाव शहरात केलं असेल तर तो मिळत नाही. कन्नड माध्यमाचा कोटा मराठी माध्यमातल्या मुलांना लागू नाही.

जातीच्या दाखल्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळतो आणि अर्जात तोच घालायचा असतो. कर्नाटकातल्या मागासवर्गांच्या गटांपैकी 2ए, 2बी, 3ए, 3बी यांना दाखल्याचा नमुना फॉर्म एफ, कॅटेगरी 1 ला ई, आणि एससी-एसटीला डी. मराठा समाज कर्नाटकात 3बी मध्ये आहे, मात्र केंद्राची ओबीसी यादी वेगळी असते. राज्यात 3बी म्हणून नीटच्या अर्जात ओबीसीवर टिक करू नका, आधी केंद्राच्या यादीत नाव शोधा. मागच्या वर्षीच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना, तेही पाहा. घटनेच्या कलम 371 जे चा, म्हणजे कल्याण कर्नाटकासाठीच्या आरक्षणाचा, लाभ बेळगाव किंवा कारवारला नाही, बिदर-भालकीच्या मुलांना आहे.

महाराष्ट्राचा दरवाजाही आहे. तिथले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी मातृभाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. गावाचं नाव यादीत आहे का ते पाहा, रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला त्यांच्याच नमुन्यात घ्या. सर्वसाधारण कोट्याला मात्र दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात.

बेळगावातली दोन मेडिकल कॉलेजं दोन वाटांनी मिळतात. सरकारी बिम्सच्या 85 टक्के जागा केईएकडून, 15 टक्के (ऑल इंडिया कोटा) एमसीसीकडून. केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, म्हणून तिथला अर्ज एमसीसीवरच. अभिमतला डिपॉझिट 2 लाख, ऑल इंडिया कोट्याला जनरलकडून 10 हजार, राखीवकडून 5 हजार.

केईएच्या फेरीत सीट आली की चार पर्याय दिसतात. 1 म्हणजे घेतली, 2 म्हणजे घेतली पण वरच्या पसंतीची मिळाली तर तीच हवी, 3 म्हणजे नको पण पुढच्या फेरीत राहतो, 4 म्हणजे बाहेर. हातातली सीट चालण्यासारखी असेल तर 3 दाबू नका, 2 दाबा. 3 दाबल्यावर ती सीट दुसऱ्याची झाली, परत मागता येत नाही.