गिपसाठी जिंका: एका भाषणाची दंतकथा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये संघभावनेचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. नोटर डेम विद्यापीठाचा मोठा खेळाडू जॉर्ज गिप डिसेंबर १९२० मध्ये आजारपणात वारला. मरताना त्याने प्रशिक्षक नूट रॉक्नींना सांगितले, 'संघ अडचणीत आला की पोरांना म्हणा, माझ्यासाठी एकदा जिंका.' १९२८ मध्ये आर्मीविरुद्धच्या (म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाविरुद्धच्या) सामन्यात रॉक्नींनी हे सांगितले आणि संघाचे नशीब पालटले.

सामना खरा आहे. १० नोव्हेंबर १९२८, यांकी स्टेडियम, नोटर डेमची १२-६ अशी सरशी. पण नशीब पालटले नाही! पुढचे दोन्ही सामने संघ हरला, कार्नेगी टेककडून ७-२७ आणि सदर्न कॅलिफोर्नियाकडून १४-२७. हंगाम संपला तो पाच विजय, चार पराभवांवर; रॉक्नींच्या कारकिर्दीतला सर्वात वाईट.

आणि ती शेवटची इच्छा? तिला आधार फक्त रॉक्नींच्या शब्दाचा. याच रॉक्नींनी १९२२ मध्ये आपला मुलगा गंभीर आजारी असल्याचे खेळाडूंना खोटेच सांगितले होते.

गिप अफाट खेळायचा, पण आदर्श नेता नव्हता. जुगाराचा नाद, वर्गाला दांड्या. १९२० मध्ये विद्यापीठाने त्याला काही काळ काढूनही टाकले होते. १९४० च्या चित्रपटात रोनाल्ड रेगन यांनी त्याची भूमिका केली आणि दंतकथा पक्की झाली. आजही तरुण कर्णधारांना हीच गोष्ट धडा म्हणून सांगतात, याचे मला वाईट वाटते. भाषणाने त्या दिवशी पोरे पेटली असतील, पुढच्याच शनिवारी कार्नेगी टेकने त्यांना घरच्या मैदानावर हरवले.