पीनट बटर: तेल जागेवर कसं बसलं

शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. भाजलेले दाणे पुरेसे बारीक वाटले की पेशी फुटून ते बाहेर येतं आणि कूट पातळ होऊन वाहू लागतं. हेच पीनट बटर. दक्षिण अमेरिकेत, जिथे भुईमूग मूळचा आहे, तिथे दाणे वाटायची पद्धत कितीतरी जुनी. त्यामुळे पीनट बटरचा ‘शोध’ कुणी लावला हा वाद फारसा कामाचा नाही. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव हमखास पुढे येतं. त्यांनी भुईमुगाचा प्रचार केला, 1916 मध्ये दाण्यांच्या 105 उपयोगांची पुस्तिकाही काढली, पण त्याच्या बऱ्याच आधी पीनट बटर दुकानात विकलं जात होतं. खरा प्रश्न वाटण्याचा नव्हताच, बाहेर आलेलं तेल परत आत कसं ठेवायचं याचा होता.

मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना 1884 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. भाजलेले दाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळायचे, गार झालं की लोण्यासारखं घट्ट होणारं मिश्रण मिळतं. त्यांना ते मिठाईसाठी हवं होतं. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी मांसाऐवजी रुग्णांना देण्यासाठी दाणे वाटले, पण भाजून नव्हे, उकडून. भाजलेलं पचत नाही असं त्यांचं मत. त्यांची पेटंटं 1897 आणि 1898 ची आहेत. उकडलेल्या दाण्याला खमंगपणा कुठून येणार? बाजारात भाजलेलंच टिकलं. सेंट लुईसच्या अँब्रोझ स्ट्रॉब यांनी 1903 मध्ये वाटण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या जागतिक प्रदर्शनात पीनट बटर लोकांनी चाखलं. जेलीबरोबरच्या सँडविचची कृती 1901 मध्ये बोस्टनच्या एका पाककला मासिकात छापून आली होती. पाव कापून मिळू लागल्यावर, म्हणजे 1928 नंतर, मुलांनाही ते स्वतःचं स्वतः करता येऊ लागलं.

सुरुवातीला माल पिंपातून यायचा आणि दुकानदाराला तो वरचेवर लाकडी पळीने ढवळावा लागायचा. दाण्याचे बारीक कण जड, ते तळाशी बसतात. तेल वर तरंगतं, हवेशी संपर्क येऊन खवट होतं. खाली उरतो चमचा न शिरणारा गोळा. म्हणून हा धंदा बराचसा आसपासच्या गावांपुरताच राहिला.

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफिल्ड यांनी तोडगा काढला. दाण्याच्याच तेलाच्या काही भागात हायड्रोजन मिसळून ते सामान्य तापमानाला घट्ट राहील असं करायचं आणि पुन्हा मिश्रणात घालायचं. या घट्ट स्निग्धांशाचे बारीक स्फटिक जाळं विणतात आणि उरलेलं तेल त्यात अडकून राहतं. हे पेटंट आधी ‘पीटर पॅन’ या ब्रँडसाठी वापरलं गेलं, मग रोझफिल्ड यांनी स्वतःचं ‘स्किपी’ काढलं, दाण्याचे तुकडे घातलेला कुरकुरीत प्रकारही आणला.

आजच्या कारखान्यात असं घट्ट तेल साधारण 1 ते 2 टक्के पुरतं. दाणे 160 अंशांच्या आसपास भाजतात आणि लगेच गार हवेत टाकतात, नाहीतर आतल्या उष्णतेने ते भाजतच राहून कडू होतात. मग साल आणि कडवट अंकुर काढून दोनदा दळतात. भरताना मिश्रण कोमट असतं. पुढचा एक-दोन दिवस बरणी हलवायची नाही. स्फटिक जमतानाच धक्का बसला तर जाळं तुटतं आणि तेल सुटतं.

घट्ट तेल स्वस्त, दाणा महाग, त्यामुळे भेसळीचा मोह आलाच. अमेरिकेत 1959 मध्ये किमान 95 टक्के दाणे असावेत असा प्रस्ताव आला, उत्पादक 87 वर अडून बसले. तब्बल बारा वर्षांच्या घोळानंतर 90 टक्क्यांवर तोडगा निघाला. दाण्याच्या दर्जाकडे पाहण्याची नजर मात्र वेगळ्याच कारणाने बदलली. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगपेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले आणि अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. भाजून ते पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे दाणे घरीसुद्धा भाजण्याआधीच निवडून टाकावेत.

घरी 500 ग्रॅम दाणे ओव्हनमध्ये 160 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजा, मधे दोनदा हलवा. सालं चोळून पाखडा. दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावा, कोमट दाण्याचं तेल लवकर सुटतं. आधी कूट होतं, मग पात्याभोवती गोळा जमतो. इथेच लोक घाबरून तेल ओततात. गरज नसते. मिक्सर थांबवा, मोटर निवू द्या, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. थोड्या वेळात गोळा मोडून वाहू लागतो. नाहीच मोडला तर दाणे कमी भाजले गेले असावेत. मीठ एक सपाट चहाचा चमचा. गोडाला कोरडी गूळ पावडर किंवा पिठीसाखर घाला. गुळाचा पाक, मध किंवा पाण्याचा थेंब गेला की कण ओलाव्याला चिकटतात आणि सगळं दगडासारखं घट्ट होतं.

सोलापूरची शेंगा चटणी याच वाटेवर थोडी आधीच थांबते. उखळात लसूण-तिखटासह दाणे तेल सुटेपर्यंतच कुटतात. कण जाडसर राहतात आणि तेल धरून ठेवतात, त्यामुळे तिला हायड्रोजनची गरज कधी पडली नाही.

घरच्या बरणीत मात्र आठवड्याभरात तेल वर येणारच. ती पहिले काही दिवस उलटी ठेवा, मग तळापासून ढवळून फ्रीजमध्ये टाका. थंडीत तेल दाटतं आणि पुन्हा वर यायला बराच वेळ लागतो.